गणपती झाले की बघू

प्रिय वेदिका,

माझं सगळं बदललं ते चौदा ऑगस्टला, सकाळी पावणेआठ वाजता, खेडमध्ये, एका मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत. तू म्हणशील, ह्याचं दर दोन महिन्यांनी सगळं बदलतं. म्हण. तुला तो हक्क आहे. पण हे पत्र फाडू नकोस. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, ते बरोबरच केलंस, म्हणून कागद घेतलाय. अक्षया वहिनी आज गौरी आणायला तुमच्याच घोळक्यात असणार, तिच्या हाती देतोय. उघडणार नाही अशी तिला शपथ घातली तर म्हणाली, "तुझं अक्षर वाचायला मला कोण पैसे देणार आहे?" मागच्या वर्षी गौरीविसर्जनाला खालच्या पऱ्यावर, ओढ्याकाठी, मी तुला जे सांगितलं, त्याबद्दल एक गोष्ट बोलायची आहे. ती आजच बोलायला हवी, चार वाजायच्या आत. एकदम त्यावरच लिहायला गेलो आणि तीन कागद फुकट गेले. म्हणून आधी खेडपासून सांगतो.

कॉलेज सोडल्यावर धोंडूमामाने मला खेडला नेलं हे तुला माहीत असेल. एसटी डेपोजवळच्या दुकानात मोबाईलच्या काचा-कव्हरं बदलतो. मामाच्या घरी झोपतो, मामीच्या हातचं जेवतो आणि मामाची बोलणी खातो. मामाचं म्हणणं, इंग्रजी आलं की हा कुठेतरी चिकटेल, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोनची काच पुसत बसेल. त्यानेच फी भरली आणि सकाळी सात ते आठ दीपाली मॅडमच्या क्लासला घातलं. आम्ही नऊ जण. दोन नर्सेस, एक कुरियरवाला, बारावी झालेल्या मुली, आणि दादू रिक्षावाले, वय पंचावन्न. स्टेशनला उतरणाऱ्या परदेशी लोकांशी बोलायला म्हणून येतात. खेडला परदेशी माणूस वर्षातून दोनदा उतरत असेल, पण दादूंची वही आमच्या सगळ्यांत नीटनेटकी.

मॅडमची शिकवायची एक रीत आहे. फळ्यावर एक क्रियापद लिहायचं, अर्थ सांगायचा, मग प्रत्येकाने उभं राहून स्वतःच्या घरातलं एक खरं वाक्य त्यात बसवायचं. बनवलेलं चालत नाही. खोटं बोललास तर कळतंच त्यांना, कारण मग त्या तीन प्रश्न विचारतात. त्या दिवशी फळ्यावर होतं 'पुट ऑफ'. तुला हे आठवीपासून येत असणार, हसू नकोस. पुट म्हणजे ठेवणं एवढं मलाही येत होतं. मॅडम म्हणाल्या, ऑफ लागला की ठेवणं राहत नाही, पुढे ढकलणं होतं. पावसामुळे मॅच पुढे गेली, तिथेही चालतो हा शब्द. पण घरात आपण तो वापरतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊस नसतो. काम नकोसं असतं, म्हणून ढकलतो.

दादू पहिले उठले. "मॅडम, हे क्रियापद आम्हा कोकणातल्यांनीच काढलेलं दिसतंय," म्हणाले, आणि वर्ग हसला. मग त्यांनी सावकाश जुळवत वाक्य म्हटलं, की मी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. मॅडमनी विचारलं, कधीपर्यंत? "आधी गणपती झाल्यावर म्हटलं, मग शिमगा झाल्यावर. मग पुन्हा गणपती." आणि मग? "मग काय, उजवा गेला. डाव्याने चालवतोय." हे ते हसतच बोलले, पण आमच्यात कोणी हसलं नाही. मॅडमनीही वाक्य बरोबर म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठलो. मला काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, आमच्या घरी एक बोलणं पुढे ढकललं गेलं. मॅडम म्हणाल्या, कोणी ढकललं? मी म्हटलं, असंच, राहून गेलं. "राहून कसं जाईल? कोणीतरी ढकललं असेल ना." मी म्हटलं, मी. ठीक, म्हणाल्या, दुसरा प्रश्न. किती वेळा? मी बोटं मोजायला लागलो आणि चारवर आलो. आणि मग त्यांनी तिसरा विचारला, अगदी साधेपणाने, फळा पुसता पुसता: "आणि जे कोणी वाट बघत होतं, त्याला तू काय सांगितलंस?"

वेदिका, मी बाकावर हात आपटला. "तुमच्या बापाचं काय जातंय?" असं म्हणालो. एका बाईमाणसाला, शिक्षिकेला. वही तिथेच टाकून खाली उतरलो आणि डेपोत जाऊन बसलो. दुकानात गेलो नाही. चिपळूणची गाडी लागली, दापोलीची लागली, पोलादपूरची लागली आणि सुटली. मला सारखं कॉलेजातलं ते आठवत होतं. तिथेही मी जर्नल भिरकावून निघून आलो, आणि तुला येऊन सांगितलं की सरांनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला. अपमान कसला? जर्नल गणपतीनंतर देतो, दिवाळीनंतर देतो असं मी त्यांना चार महिने झुलवलं होतं. ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मागची पोरं हसली, मला कळलं नाही आणि डोकं फिरलं. बहुतेक त्यांनी हाच शब्द वापरला असणार.

आता त्या चार वेळा. तुला पाठ असतील, तरी माझ्या बाजूने एकदा ऐक. पहिल्या गणपतीला तू म्हणालीस, "तुझे बाबा आलेत, विचार. माझ्या घरी मी बघते." मी हो म्हटलं. पण आमच्याकडे बाबा येतात म्हणजे काय ते तुला कसं सांगू? तुझे वडील रोज घरात असतात. आमच्या घरात बाप वर्षातून वीस दिवस असतो. ते आले की आईचा आवाज बदलतो. ती भांडी घासताना गुणगुणते. बाबा आल्याआल्या कौलं बघतात, गोठ्याचं दार ठोकतात, मला मुंबईच्या गमती सांगतात, भजनाला बसले की त्यांच्या झांजेचा ठेका वाडीत कोणाला नाही. त्या दिवसांत जड बोलणं काढायचं नाही असं आमच्याकडे कोणी ठरवलेलं नाही, पण कोणी काढतही नाही. जमिनीचं, आजाराचं, कर्जाचं, लग्नाचं सगळं 'गणपती झाले की बघू'. आणि गणपती झाले की माणूसच गाडीत बसतो. मग बघायचं कोणाबरोबर? हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटलं, शिमग्याला बोलू.

शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा बाबांनी ती अशी नाचवली की खांदा सुजला. दोन दिवस आई मीठ भाजून शेकत होती. मी शेजारी बसून होतो. जागा होती, वेळ होती, आईसुद्धा उठून गेली होती. मी म्हटलं, "बाबा..." ते म्हणाले, "काय रे?" मी म्हटलं, "दुखतंय काय अजून?" एवढंच. मे महिन्यात त्यांना रजा मिळाली नाही, तेव्हा तर मला सुटल्यासारखं झालं. तुला मी सांगितलं की फार वाईट वाटलं. दुसऱ्या गणपतीलाही तसंच राहिलं. मग जानेवारीत कॉलेज सोडलं. फोनवर सांगितलं तर बाबा 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'बरं'ला मी घाबरलो. शिव्या घातल्या असत्या तर मीही ओरडलो असतो आणि त्या भरात तुझंही बोलून टाकलं असतं. पुढच्या शिमग्याला मग कुठल्या तोंडाने विचारू? ना शिक्षण, ना नोकरी, आणि म्हणे लग्न करायचंय.

तू मात्र कधी आवाज चढवला नाहीस. देवरूखच्या स्टँडवर आपण गाडीची वाट बघायचो, तेव्हा तू फक्त विचारायचीस, "ह्या वेळी?" आणि मी मान हलवली की पुढचा विषय काढायचीस. तुझ्या पिशवीत कायम भाजलेले काजू असायचे, मोजून अर्धे मला द्यायचीस. अजून कुठे काजू भाजल्याचा वास आला की मला दुकान सोडून बाहेर यावंसं वाटतं. जाऊ दे.

तुला आवडणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. जूनमध्ये मी वेळणेश्वरला जाऊन आलो. हो, त्यांच्याच घरी. तुझा साखरपुडा झाल्याचं मामीकडून कळलं त्याला महिना झाला होता, आणि मी महिनाभर नीट झोपलो नव्हतो. सुजय बोटीवर असतो, तो घरी नसणार हे मला माहीत होतं, तरी भांडायलाच गेलो होतो. कोणाशी, ते ठरलं नव्हतं. देवळाच्या पुढे विचारत विचारत घर काढलं. त्याची आई अंगणात कोकमं वाळत घालत होती. पाऊस येतोय म्हणून तिची घाई चालली होती. मला बघून म्हणाली, "खोल्या बघायला आलायस काय रे? पावसाळ्यात बंद असतात. आधी हे सूप धर." मी सूप धरलं. सगळी कोकमं आम्ही दोघांनी मिळून आत नेली. मग तिने मला ताक दिलंन आणि सुनेचं कौतुक ऐकवलंन. सून म्हणजे तू. म्हणाली, पोरगी शांत आहे, पण हसत नाही फारशी. माहेरचा कसलातरी सल असावा. मी ताक तसंच ठेवून निघालो.

त्या सलावर मला आता यायचं आहे.

ह्या वर्षी लावणीला तुझी आई, मथुराकाकी, आमच्या शेतात आली नाही. मी लहान असल्यापासून एक दिवस आमच्यात, एक दिवस तुमच्यात, असंच चाललंय. आईने दोन दिवस रोपं काढून ठेवली आणि बांधावर वाट बघितली. तिसऱ्या दिवशी मजुरीच्या बाया आणल्या. मी खेडहून आलो होतो, चिखलात उभा होतो. आई वाकलेलीच होती, वर न बघता म्हणाली, "मथुरेने तोंड फिरवलंन रे. वर्ष झाला, पाण्यावर दिसली तरी बोलत नाय. मी काय केला तिचा?" मी म्हटलं, असेल काहीतरी. माझ्या हातात रोपांची जुडी होती, ती मी एवढी आवळली की मुळांचा चिखल बोटांतून बाहेर आला. तिथेही मी सांगितलं नाही. म्हणजे आता पाच झाले. मॅडमना चुकीचा आकडा सांगितला मी.

मागच्या वर्षी पऱ्यावर गौर पाण्यात गेली, बाया वर निघाल्या आणि तू मागे थांबलीस. सकाळी ढोलावरून माझं चुलतभावाशी वाजलं होतं, डोकं तापलेलंच होतं. तू म्हणालीस, "समर्थ, तू विचारणारच नाहीस ना?" तू शांतपणे म्हणालीस आणि ते खरं होतं, म्हणून मला सहन झालं नाही. मला त्या क्षणी फक्त जिंकायचं होतं. मी म्हटलं, "विचारलं. बाबा नाही म्हणाले." तुझा चेहरा पडला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तू 'का' विचारलंस, आणि कारण तर माझ्याकडे नव्हतंच. मग मी तुमच्या घरातली सगळ्यात दुखरी जागा शोधली. म्हटलं, "तुझ्या दर्शनामुळे. पळून जाऊन परजातीत लग्न केलेल्या मुलीची बहीण आम्हाला नको, असं म्हणाले." वेदिका, मी विचारलंच नव्हतं. एकदाही नाही. माझ्या बापाने दर्शनाबद्दल असं एक अक्षर कधी काढलेलं नाही. ते वाक्य माझं आहे, तिथे पऱ्यावर उभ्या उभ्या केलेलं.

तू घरी जाऊन आईला सांगणार, हे मला कळायला हवं होतं. मथुराकाकीला वाटलं असणार, जिच्याबरोबर तीस वर्षं चिखलात वाकले, तिच्याच घरातून हे बोलणं आलं. तुझ्या वडिलांनी, काशीरामकाकांनी, दर्शनाला फोन करून 'तुझ्यापायी धाकटीचं मोडलं, आता ह्या घराकडे बघू नकोस' असं सुनावलं, हे अक्षया वहिनीनेच मला सांगितलं होतं. आणि तू तिचा फोन उचलायचं बंद केलंस, हेही. तू, जी दर शनिवारी देवरूखला एटीएमच्या पायरीवर बसून अर्धा अर्धा तास तिच्याशी बोलायचीस. मला हे सगळं ऑक्टोबरात कळलं होतं. म्हटलं, शिमग्याला नीट करू.

आता मला सुजयविरुद्ध काही बोलायचं नाही. बोलायला यावं एवढं वाईट त्या घरात मला काही दिसलं नाही, हेच तर वाईट झालं. तू लग्न मोडावंस म्हणून मी लिहीत नाही. म्हणजे मनात तसं येतंच नाही असं नाही. येतं, दिवसातून दहा वेळा येतं, आणि पुढच्या ओळीत मी तेच मागेन की काय ह्या भीतीने हात थांबतो. पण दोन वर्षं वाट बघायला लावून, नंतर खोटं बोलून, मग साखरपुडा झालेल्या मुलीकडे काही मागायचं एवढा मी अजून उतरलेलो नाही. मॅडमकडे मात्र गेलो होतो. तीन दिवसांनी. पायाशी वाकलो तर म्हणाल्या, "उठ, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला नको. ज्याचं आहे त्याला दे."

तरीही मी आजपर्यंत दिलं नसतंच, हे खरं सांगतो. गणपतीला घरी आलो तेव्हाही मनात होतं, विसर्जन होऊन जाऊ दे, दिवस चांगले चाललेत. पण परवा बाबा आले आणि त्यांनी बॅग उघडली. वर लाडूंचा डबा, त्याखाली आईचं औषध, आणि सगळ्यात खाली पेपरमध्ये गुंडाळलेली एक साडी, हिरवी, काठाला पिवळी. आईला वाटलं तिची. बाबा म्हणाले, नाही, ही दर्शनाची. मग ते जरा ओशाळून सांगायला लागले. दर्शना मुंबईजवळ दिव्याला राहते, तिला मुलगी झालीय, आणि बाबा गेली दोन वर्षं महिन्यातून एका रविवारी तिच्याकडे जेवायला जातात. काशीरामकाका रागावतील म्हणून इथे कोणाला बोलले नव्हते. तिने ती साडी माहेरच्या गौरीला नेसवायला पाठवलीय. सांगितलंन की काका, माझ्यामुळे वेदूचं काय मोडलं ते मला कोणी सांगत नाही, वेदूसुद्धा बोलत नाही, पण गौर माझी साडी नेसली तर मी समजेन की सगळं बरं आहे. आता साडेतीन झालेत. बाबांनी आंघोळ केलीय, इस्त्रीचा शर्ट घातलाय, साडीची पिशवी मांडीवर घेऊन पडवीत बसलेत. गौर सजायच्या आधी पोचवायची म्हणतात. ते तुमच्या अंगणात येतील, आणि दर्शनाचा अपमान केला म्हणून ज्याला वर्षभर तुम्ही मनातून काढून टाकलंत, तोच माणूस दर्शनाची साडी पुढे करेल, आणि मथुराकाकी त्याला तोंडावर जे सुनावेल त्यातलं एक अक्षरही त्याला कळणार नाही. म्हणून हे पत्र. माझ्यासाठी नको, पण त्यांना आत बोलाव. साडी परत पाठवू नकोस. आणि दर्शनाला आज, गौर नेसवून झाली की, तूच फोन कर. तिने काहीच केलेलं नाही. काशीरामकाकांना जे सांगायचं ते मी बाबांच्या शेजारी उभा राहून सांगेन, तू मध्ये पडू नकोस, मार पडला तरी. त्याआधी बाबांना सांगायचं आहे. ते ऐकून काय करतील मला खरंच माहीत नाही. कदाचित पुन्हा 'बरं' म्हणतील. चपलांचा आवाज आला, निघाले वाटतं. कागद घडी करतो, बाहेर जाऊन दार लावून घेतो, आधी वहिनीच्या हाती हे देतो आणि मग बाबांना वाटेतच गाठतो.

एवढं तरी खोटं नाही, की तुझाच,
समर्थ